ऑफलिंकचा शिरा

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुमचं शेड कुठलं?"

मला वाटलं, गाडी कुठे लावणार असं विचारतायत. "माझ्याकडे गाडी नाही," मी म्हटलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे असं पाहिलं की भाडेकरू म्हणून आपण नापास झालो याची मला खात्रीच पटली. मागे दारात त्यांची सून उभी होती. ती हसू दाबत म्हणाली, "बाबा विचारून राहिले, गाव कोणतं म्हणून." ते 'विचारून राहिले' कानावर पडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हे आमच्याकडचं बोलणं होतं.

"अमरावती," मी म्हटलं.

"म्हणजे बडनेऱ्याला चढलात. भुसावळ किंवा अजनी," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मग मला म्हणाले, "ऑफलिंक आहात. चालेल. पंखा फिरतो, पाणी सकाळीच येतं, गाड्यांचा आवाज येतो. आवाजाची तक्रार असेल तर रेल्वेकडे करा. ती माझ्या आधीपासून इथे आहे."

घर घोरपडीला, रुळांना लागून. गाडी गेली की फळीवरचे स्टीलचे डबे वाजायचे. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक रेडिओ ऐकायचे थांबले, तसं त्यांनी ते विकलं आणि कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशी ही जागा निवडून घेतली. बायको गेलेली. मुलगा कॅनडात. घरात ते आणि सून, प्रणिता. आणि वरच्या खोलीत मी, रोज खराडीला जाऊन संगणकासमोर मान मोडून येणारी.

ऑफलिंक म्हणजे काय हे मला पहिल्याच आठवड्यात, न विचारता, समजावून देण्यात आलं. रेल्वेत प्रत्येक इंजिनाला एक घर असतं, त्याला शेड म्हणतात. देखभालीला ते तिथेच परत जातं, आणि त्या शेडचं नाव त्याच्या अंगावर रंगवलेलं असतं. कुठल्या इंजिनाने कुठल्या गाडीला लागायचं याचं चक्र ठरलेलं असतं, ती त्याची लिंक. पण कधी कुठे काही बिघडतं, कुणाची तरी अडचण होते, हाताशी असेल ते इंजिन जोडून गाडी पुढे काढली जाते, आणि मग झारखंडातलं एखादं इंजिन दुपारी घोरपडीच्या गॅलरीसमोर येऊन उभं राहतं. त्याला तिथे काही काम नसतं. ते ऑफलिंक.

असं इंजिन आलं की त्या घरात शिरा होत असे. पाहुणा आला की गोड करायचं, एवढा साधा नियम होता. शेड जितकं लांब तितकं तूप सढळ. भुसावळला नुसती हातावर साखर. गुंतकलला शिरा. इरोडला शिऱ्यात बेदाणे. आणि पार झारखंडातलं गोमो आलं तर केशर, असं त्यांनी जाहीर करून ठेवलं होतं. केशराची डबी देव्हाऱ्यात होती आणि गोमो काही येत नव्हतं.

ते गॅलरीत स्टुलावर बसून, दुर्बीण लावून मोठ्याने नंबर वाचायचे. नंबरावरून शेड सांगायचे, सगळी पाठ. स्वयंपाकघराची खिडकी खालच्या अंगाला, रुळांच्या अधिक जवळ. प्रणिता तिथून इंजिनाच्या अंगावरचं बारीक नाव वाचून सांगायची, "लालागुडा, बाबा." वरून उत्तर यायचं, "दिसतंय मला." त्यांना दिसत नव्हतं. प्रणिता हडपसरला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय हे तिला तपासल्याशिवायही कळत होतं. "दुकानात चला एकदा," ती म्हणायची. "तुमच्या दुकानात चष्मा विकतात, म्हणून तुम्हाला सगळे आंधळे दिसतात," ते म्हणायचे.

एकदा मी चिडून विचारलं होतं. रविवारी दुपारी जरा डोळा लागला होता आणि त्यांनी खालून हाक मारून मला उठवलं, कुठलंसं विशाखापट्टणमचं धूड बघायला. "काका, सगळी सारखीच तर असतात," मी म्हटलं. "त्यात एवढं काय?"

"तुमच्याकडे इथे दूध कोण घालतो?"

"येतो एकजण."

"चेहरा सांगा त्याचा."

मला सांगता येईना.

"आता समजा, तुमचा अमरावतीचा दूधवाला उद्या सकाळी इथे या दारात उभा राहिला. तर?"

मी डोळ्यांसमोर आणलं. आमचे वासुदेवराव, सायकल, कानाला मफलर. "आधी भीती वाटेल," मी म्हटलं. "घरी काही झालं की काय असं वाटेल."

"आणि काही झालेलं नाही असं कळल्यावर?"

"मग इतकं बरं वाटेल की..." घर सोडून तेव्हा मला वर्षही झालं नव्हतं.

"तेच," ते म्हणाले आणि दुर्बीण पुसायला लागले.

नुसता आनंद होता असं मात्र नाही. एका पावसाळ्यात सकाळपासून एकामागून एक तीन परकी इंजिनं आली. मला वाटलं, आज घरात सणच. खाली गेले तर स्वयंपाकघरात कढईसुद्धा चढली नव्हती. ते गॅलरीत उभे होते, बसले नव्हते. "एक आलं तर पाहुणा," ते म्हणाले. "तीन आली म्हणजे कुठेतरी वाट बंद झालीय." दिवसभर ते ना नीट जेवले ना कुणाशी धड बोलले. संध्याकाळी बातमी आली की लांब कुठे रुळाखालची माती वाहून गेली, गाडी वेळेत थांबवली, सगळे सुखरूप. तेव्हा कुठे ते स्टुलावर टेकले. त्या दिवशी शिरा झाला नाही.

एका जातीच्या माणसांवर त्यांचा भारी राग होता. दुसऱ्या शेडचं चांगलं इंजिन हाती लागलं की ते परत पाठवायचंच नाही, आपल्या गाड्यांना जुंपून राबवून घ्यायचं, असं करणारे लोक असतात म्हणे. "उसनं आणलेलं पातेलं परत न करणारी माणसं ही," ते म्हणायचे. "आणि वर त्यालाच म्हणतात, आमच्याकडे छान रमलंय हो." हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. मला तेव्हा गंमत वाटायची. ते हे कुणाला ऐकवत होते, ते मला फार उशिरा कळलं.

मुलाबद्दल त्या घरात बोलणं नव्हतं. तो कॅनडाला गेला, दोन वर्षांनी बोलावतो म्हणाला, आणि तिथे त्याने दुसरंच घर मांडलं. घटस्फोटाचे कागद पोस्टाने आले. प्रणिताने सही केली, पण ती गेली नाही. त्याच सुमारास काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं, तिची नोकरी इथे होती. एकेक कारण सापडत गेलं आणि ती राहिली. कागद आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्यांना 'काका' म्हणून हाक मारून पाहिली होती. तिनेच मला सांगितलं. दिवसभर त्यांनी ओ दिली नाही. संध्याकाळी ती कंटाळून म्हणाली, "बाबा, चहा." लगेच आले.

पण शेजारीपाजारी डोळे होतेच. समोरच्या बाई मला जिन्यात गाठून विचारायच्या, "ती आता नात्याने त्यांची कोण लागते हो?" पुण्यात राहून मी जेवढं शिकले होते तेवढं वापरून मी म्हणायची, "तुमची कोण लागते?" पण प्रश्न माझ्याही डोक्यात बसला होता.

एका दुपारी मी घरून काम करत होते. खालून त्यांचा आवाज आला. फोनवर ते नेहमीच ओरडून बोलायचे. "घेऊन जा तिला," ते म्हणत होते. "नाही, भांडण नाही. भांडण असतं तर मी कशाला फोन केला असता? तुमची बहीण आहे, तुम्ही यायला हवं. आणि मी फोन केला हे तिला सांगू नका."

मी पाणी घ्यायला म्हणून खाली उतरले होते, ती जिन्यातच थबकले. त्यांनी मला पाहिलं.

"ऐकलंत?"

"हो."

"ऐकलं नाही असं समजा."

"पण का, काका? तिने काही..."

"तिने काही केलं नाही, म्हणूनच." ते भिंतीला टेकले. "तिशीची पोर आहे. माझ्या गोळ्या, माझं पथ्य, माझी इंजिनं. ज्याने हिला इथे आणलं तो पळाला आणि मी हिला राबवून घेतोय. वर लोकांना सांगतो, रमलीय हो आमच्याकडे."

"तिला विचारलंत का?"

"विचारलं तर राहते म्हणेल. म्हणून विचारत नाही."

मी पाणी न घेताच वर गेले आणि उरलेली दुपार एकही ओळ लिहिली नाही. तिला सांगावं की न सांगावं, याने माझी झोप उडाली. सांगितलं तर त्यांचा विश्वास मोडणार, नाही सांगितलं तर तिच्या पाठीमागे तिचं घर मोडणार. शेवटी मी गप्प बसले, म्हणजे दोन्हीकडून चोर झाले.

मधले दिवस फार वाईट गेले. ते गॅलरीत बसेनासे झाले. गाड्या जात, डबे वाजत, नंबर कुणी वाचत नसे. तरुण मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, कुठलं इंजिन कुठे दिसलं, कुठल्या शेडचं कुठे गेलं हे सांगणारा. त्यात ते कधी लिहीत नसत, पण सकाळी देवाच्या आधी तो वाचत. तोही उघडणं बंद झालं. सकाळी सहाला उठून स्वतः कुकर लावायला शिकू लागले. भात करपला. प्रणिताने पातेलं घासायला घेतलं तर ते तिच्या हातातून ओढून घेतलं. "मला जमायला हवं," एवढंच म्हणाले. ती माझ्या खोलीत येऊन बसली. "माझं काही चुकलं का ग?" तिने विचारलं. "माझ्या हातचं खाऊनच नाही राहिले ते." मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

रविवारी तिचा भाऊ आला. वरोऱ्याला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, संत्र्यांची पेटी घेऊन आला होता. चहा झाल्यावर त्याने विषय काढला. "काकाजी, तुम्ही हिला लेकीसारखं ठेवलं, नाही म्हणत नाही मी. पण उद्या तुम्हाला काही झालं तर हिचं इथं कोण आहे? कोणत्या नात्यानं राहीन ही? वरची खोली रिकामी आहे आमची. हिची वहिनीच म्हणाली, घेऊन या."

प्रणिता त्यांच्याकडे बघत होती. मीही. ते संत्र्याची साल काढत होते, एकसंध, जराही न तोडता.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

ती उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती बॅग काढून कपडे भरत होती, डोळे कोरडे होते. "यांनीच बोलावलं ना दादाला?" तिने विचारलं. मी मान डोलावली. "मग झालं," ती म्हणाली. "ज्यांचं घर तेच जा म्हणत असतील, तर मी राहणारी कोण?"

आता मी धायरीला राहते. इथे गाडीचा आवाज पोचत नाही, आणि पहिले काही महिने त्या शांततेनेच मला झोप येत नसे. कधी कुणी त्या काकांबद्दल विचारलं तर मी शिऱ्याची गोष्ट सांगते, लोक हसतात. स्टेशनवरची ती संध्याकाळ सहसा सांगत नाही.

भाऊ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. त्यांनी मला बरोबर यायला लावलं. "परत येताना रिक्षात मी एकटा बसणार नाही," ते म्हणाले. फलाटावर भावाने डबा शोधला, बॅग वर चढवली, सीटखाली सरकवली. प्रणिता खालीच उभी. तिने त्यांना गोळ्यांची डबी कुठे आहे ते सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं, गॅसचं सांगितलं. ते "हो, हो" करत होते. मला वाटत होतं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. गाडी सुटायला थोडाच वेळ होता. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "इंजिन बघून येतो."

भाऊ दारातून म्हणाला, "बहीण जाऊन राहिली अन् यांना इंजिन सुचते."

ते फलाटाच्या टोकाकडे निघाले, गर्दीतून, हमालांना धक्के देत. त्यांना असं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रणिता त्यांच्या मागे धावली, तिच्या मागे मी. इंजिनासमोर ते थांबले. नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी.

"गोमो," ते म्हणाले. "अगं, गोमोचं आहे हे. इतक्या लांबून आलंय. आणि आजच."

प्रणिता पुढे झाली. ड्रायव्हरच्या दाराजवळ, अंगावर जिथे शेडचं नाव असतं तिथे तिने वाकून पाहिलं. मग वळली.

"बाबा, गोमो नाही."

"नंबर पाठ आहे माझा."

"नंबर तोच आहे. नाव खोडलंय. वरून पुणे लिहिलंय."

ते ऐकेनात. अगदी जवळ गेले, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग हात लांब करून अक्षरांवरून बोटं फिरवली. नवा रंग गुळगुळीत होता, पण खाली जुन्या अक्षरांच्या कडा होत्या. नंतर मीही हात लावून पाहिला. बोटांना गोमो लागत होतं आणि डोळ्यांना पुणे दिसत होतं.

"बदली झाली वाटतं याची," ते हळूच म्हणाले. "ग्रुपवर आलं असेल. मी वाचलं नाही."

"म्हणजे हे ऑफलिंक नाही."

"नाही. आता इथलंच."

"याला विचारलं असेल का हो कुणी?" प्रणिताने विचारलं. "कुठलं शेड पाहिजे म्हणून?"

"इंजिनाला कोण विचारतं?"

"मलापण नाही विचारलं तुम्ही."

मागे भाऊ हाका मारत होता. सिग्नल बदलला. मी घड्याळ बघितलं, मग बघवेना. ते तिच्याकडे नुसते पाहत उभे होते, एक हात अजून इंजिनावर. मग त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं तेच, त्याच सुरात विचारलं.

"तुझं शेड कुठलं?"

"तुम्हाला वाचता येत नाही का?" ती म्हणाली. "चष्मा बदला."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. मलाही आवरलं नाही. ते मात्र रडले नाहीत, खिशातून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "आधी जा, भावाला सांग. तो बिचारा डब्यातून पडेल."

ती पळत गेली तेव्हा गाडी हलली होती. "दादा, दिवाळीला येते मी," ती डब्याबरोबर चालत म्हणाली.

"अन् सामान?"

"राहू दे तिकडे. माहेरी आल्यावर लागतीलच कपडे."

तो रागावला होता, दिसत होतं. पण दाराच्या दांडीला धरून तो फलाट संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी त्याने हात हलवला.

रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. घरी आल्यावर मी देव्हाऱ्यातली डबी काढली आणि विचारलं, "काका, शिरा करू का? आज केशर घालून?"

"कुणासाठी?" ते स्टुलावर बसत म्हणाले. "पाहुणा आलाय का कुणी? पिठलं टाका."

प्रणिताने आतून विचारलं, "तिखट किती?"

"रोजच्यासारखं," ते म्हणाले.